टिळकवाडीतली ग्रेपफ्रूट कॉफी: चव एक नंबर, बोर्ड मात्र बदला

बेळगावच्या टिळकवाडीत एक नवीन कॅफे झालाय, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मला त्यांचं नुकसान करायचं नाही, पण इथल्या लोकांनी हे वाचावं असं मनापासून वाटतंय. रविवारी बाबांना घेऊन गेलेले. तिथं ग्रेपफ्रूट कॉफी मिळतीय, म्हणजे खाली बर्फ आणि ग्रेपफ्रूटचा रस, वर एस्प्रेसो, २२० रुपये. चव खरंच भारी आहे हो, आधी आंबट मग कडू आणि शेवटी कॉफीचा वास, आपल्या पपनसाची आठवण येते. येणारच की, ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्र्याच्या संकरातूनच झालेलं फळ आहे.

आता काउंटरच्या मागचा बोर्ड. त्यावर लिहिलंय, ग्रेपफ्रूटमुळे कॅफिन दुप्पट वेळ टिकतं आणि मेटाबॉलिझम वाढून चरबी जळते. मी पोराला विचारलं हे कुठून आलं, तर म्हणाला मालकांनी लिहायला सांगितलंय.

आम्ही दोघांनीही एकेक ग्लास प्यायला. संध्याकाळी बाबांची बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप आणायला दाजींच्या मेडिकलमध्ये गेले, शहापूरला, आणि बोलता बोलता कॉफीचं सांगितलं. दाजींनी हातातलं काम बाजूला ठेवून आधी विचारलं, बाबांना निफेडिपिन चालू आहे ना? मग बराच वेळ त्यांनी नीट समजावून सांगितलं, मला समजलं तसं लिहिते.

आतड्याच्या आतल्या थरात सीवायपी ३ए४ नावाचं एन्झाइम असतंय, ते बऱ्याच गोळ्यांचा काही भाग रक्तात जायच्या आधीच मोडून टाकतं आणि डोस तो हिशोब धरूनच ठरवलेला असतो. ग्रेपफ्रूटमधले बर्गामोटिनसारखे फ्युरानोकुमारिन नावाचे घटक हे एन्झाइम कायमचं निकामी करतात, शरीराला नवीन तयार करावं लागतं आणि त्याला एक ते तीन दिवस जातात. म्हणून सकाळी ज्यूस आणि रात्री गोळी असं अंतर ठेवूनही भागत नाही. हे सापडलं ते अपघातानं, कॅनडात डेव्हिड बेली यांची टीम फेलोडिपिन या बीपीच्या गोळीवर अल्कोहोलचा परिणाम बघत होती, अल्कोहोलची चव लपवायला ग्रेपफ्रूट ज्यूस वापरला आणि रक्तात औषध भलतंच वाढलेलं दिसलं. १९९१ ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं, पाण्याबरोबर घेतल्यावर रक्तात जितकं जातं त्याच्या सरासरी २८४ टक्के, म्हणजे जवळपास तिप्पट. निफेडिपिन त्याच घराण्यातली. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्याच दुसऱ्या गोळीवर फारसा फरक पडत नाही म्हणे, पण कोलेस्ट्रॉलची सिम्वास्टॅटिन, आणि किडनी ट्रान्सप्लांट झालेल्यांच्या सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस, यांच्याबरोबर ग्रेपफ्रूट नकोच. आणि पपनसातही हेच फ्युरानोकुमारिन असतात, आपल्याकडं ते आवडीनं खातात म्हणून हे वेगळं सांगतेय.

बाबांचं बीपी आम्ही दोन दिवस सकाळ-संध्याकाळ मोजत होतो. काही झालं नाही, पण ते दोन दिवस मी विसरणार नाही.

आणि ज्या कॅफिनचा बोर्डवर एवढा गवगवा, तिथं तर गोष्ट एकदम साधी आहे. कॅफिन मोडतंय लिव्हरमधलं दुसरंच एन्झाइम, सीवायपी १ए२, निम्मं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात. १९९३ च्या एका अभ्यासात ग्रेपफ्रूट ज्यूसमुळे हा वेळ ३१ टक्क्यांनी वाढलेला दिसला, त्यांनी नॅरिंजेनिन नावाच्या घटकावर बोट ठेवलं, ज्याच्यामुळं फळाला कडवटपणा येतो त्या नॅरिंजिनपासूनच ते बनतं. पण १९९६ च्या दुसऱ्या अभ्यासात कॅफिनच्या पातळीवर काहीच परिणाम सापडला नाही, बीपीवरही नाही. दुप्पट कुठंच नाही. उलट गर्भनिरोधक गोळ्यांनी कॅफिन जवळपास दुप्पट वेळ राहतं आणि सिगारेट ओढणाऱ्यांचं लवकर उतरतं, हे पक्कं माहीत असलेलं आहे, ते कुणी बोर्डवर लिहीत नाही. चरबीचं म्हणाल तर कॅफिननं शरीराचा ऊर्जाखर्च थोडा वेळ थोडासा वाढतो, ते खरं, पण ते साध्या कॉफीनंही होतंय, त्याला २२० कशाला द्यायचे.

बुधवारी परत गेले, मॅनेजरना भेटून सांगितलं की मेन्यूवर एक ओळ टाका, बीपी-कोलेस्ट्रॉलच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्यांना विचारा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मालकांना सांगतो म्हणाले. शनिवारपर्यंत बोर्ड तसाच होता.

चवीला पाचपैकी साडेचार, जागा स्वच्छ, पोरं अदबीनं बोलतात, बोर्डला शून्य. ज्यांना कसल्या गोळ्या चालू नाहीत त्यांनी खुशाल प्या. गोळ्या चालू असतील तर तिथली फिल्टर कॉफी घ्या, ६० रुपये, चिकोरी कमी आणि दूध दाट, शनिवारी बाबांनी तीच घेतली आणि दुसरा कप पण मागितला.