जनगणना, मृत्युपत्र की गावचा फेरफार: पणजोबांना शोधायला आधी कुठे जायचं?

लंडनला आमचे एक दादा राहतात, वहिनी तिकडच्याच. त्यांनी एकदा घरच्या ग्रुपवर वहिनींच्या पणजोबांचा १९११ च्या जनगणनेचा फॉर्म टाकला, त्या पणजोबांनी स्वतःच्या हाताने भरलेला. घरात कोण कोण, वय काय, जन्म कुठला, धंदा काय, लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली आणि त्यातली किती गेली, सगळं एका कागदावर. मग काय, सगळ्यांचं सुरू झालं, आपलं पण काढता येईल का, मुंबईत तर इंग्रजांचंच राज्य होतं आणि १९११ ची जनगणना इथेही झालीच होती ना. मी त्याआधी दोन वर्षं आमच्या पणजोबांच्या मागे लागलेली होते म्हणून सगळे मला विचारायला लागले, आणि तेव्हापासून ओळखीपाळखीचे पण विचारतात, सुरुवात कुठून करू. म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी जनगणना, कारण सगळ्यांची आशा तिथेच असते आणि वेळही तिथेच जातो. मुंबई शहराची मोठी शिरगणती १८६४ साली झाली, लोकसंख्या भरली ८,१६,५६२. मग १८७२, आणि १८८१ पासून दर दहा वर्षांनी. पण इंग्लंडात घरोघरचे फॉर्म जपून ठेवले आणि शंभर वर्षांनी लोकांना खुले केले, १९२१ चे तर अगदी २०२२ च्या जानेवारीत खुले झाले. आपल्याकडे आकडे जुळवून झाले की घरोघरचे कागद ठेवलेच नाहीत, राहिले ते छापील अहवाल. स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनांना १९४८ चा कायदा लागतो, त्याच्या कलम १५ प्रमाणे त्या नोंदी कुणाला बघायला मिळत नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणून चालत नाहीत. म्हणजे सख्खे नातू म्हणून अर्ज केला तरी आजोबांचं पान हातात यायचं नाही. आणि तिकडेही सगळं टिकलंय असं नाही बरं का, इंग्लंडचे १९३१ चे फॉर्म १९४२ च्या डिसेंबरात आगीत जळून गेले.

मग जनगणना बिनकामाची का, तर तसंही नाही. छापील अहवालात गिरगाव, मांडवी, कामाठीपुरा, परळ अशा विभागांप्रमाणे माणसं किती, कुठल्या जिल्ह्यात जन्मलेली, कुठल्या जातीची, काय काम करणारी याचे तक्ते असतात, आपलं माणूस कुठल्या लोंढ्याबरोबर आलं असेल याचा अंदाज त्यातून येतो. दुसरा उपयोग जिल्हा जनगणना पुस्तिकांचा, त्यात तालुकावार गावांची यादी असते. आमच्याकडे सगळे एवढंच सांगायचे की मूळ गाव पाली. आता पाली बल्लाळेश्वराची रायगडात, दुसरी रत्नागिरीत, खंडोबाची पाली साताऱ्यात. कुठली धरायची? यादीतून निदान शक्यता किती ते कळतं. पण नाव पाहिजे असेल, माणूस पाहिजे असेल, तर जनगणना सोडा आणि पुढे चला.

मृत्युपत्राकडे आपले लोक फिरकतच नाहीत. आपले कुठले एवढे श्रीमंत, त्यांनी कशाला मृत्युपत्र केलं असेल, असं धरून चालतात. मीही तेच धरलं होतं. पण मुंबईची गोष्ट वेगळी आहे. १८७० चा हिंदू विल्स अ‍ॅक्ट आला आणि १ सप्टेंबर १८७० पासून मुंबई शहरात केलेल्या किंवा इथल्या स्थावराबद्दलच्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेटचे, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून सिद्ध करून घेण्याचे, नियम लागू झाले, पुढे १९२५ च्या उत्तराधिकार कायद्यात तेच आलं. म्हणजे गिरगावात एखादं दुकान, एखादा गाळा, थोडी जमीन नावावर असलेला माणूस मृत्युपत्र करून गेला तर वारसांना हायकोर्टात यावंच लागायचं, आणि कोर्टात आलं की कागद राहिला. गावाकडच्या पेटीतला कागद वाळवी खाते, कोर्टातला टिकायची शक्यता बरीच जास्त.

आमच्या पणजोबांचं मृत्युपत्र नव्हतं, ते गिरणीत होते. होतं त्यांच्या थोरल्या भावाचं, त्यांचं गिरगावात भुसारी दुकान होतं. घरात त्यांच्याबद्दल दोनच गोष्टी माहीत. एक म्हणजे ते गिरणीच्या मोठ्या संपाच्या आदल्या वर्षी गेले, आणि दुसरी, त्यांचं श्राद्ध कार्तिक वद्य द्वादशीला असायचं. मोठा संप १९२८ चा, म्हणजे साल १९२७, आणि जुन्या पंचांगात ती तिथी नोव्हेंबरात पडते. साल आणि महिना हातात असला की शोध किती सोपा होतो ते हायकोर्टात गेल्यावरच कळतं, नाहीतर वर्षावर वर्षं चाळत बसायचं. म्हणून सांगते, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तारीख विचारू नका, त्यांना आठवणार नाही, तिथी विचारा. फक्त पितृपक्षातल्या श्राद्धावर विसंबू नका, तिथे महिना कळत नाही, शुद्ध की वद्य तेही कळत नाही, आणि सवाष्ण गेलेल्या बायकांचं सगळ्यांचं अविधवा नवमीलाच होतं. वर्षश्राद्ध कुठल्या महिन्यात करायचे ते विचारायचं.

नक्कल हातात आली तेव्हा मी कोर्टाच्या बाहेर पायरीवरच बसून वाचली. मूळ मराठी, सोबत कोर्टाच्या भाषांतरकाराने केलेलं इंग्रजी. सुरुवात ठरलेली, देहाचा भरवसा नाही, राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने लिहून ठेवतो. मग दुकान मोठ्या मुलाला, तांब्याची दोन घंगाळी आणि पितळेची परात सुनेला, आणि मग एक ओळ, माझी विधवा बहीण हल्ली गावी असते तिला दरसाल अमुक रुपये तिच्या हयातीपर्यंत द्यावे. ही बहीण आमच्यात कुणालाच माहीत नव्हती! वडिलांना नाही, आत्याला नाही. जनगणनेच्या कुठल्याही तक्त्यात ती एका आकड्यात मिळालेली असणार, इथे मात्र तिला नाव होतं, भावाला तिची काळजी होती. आणि खाली दोन साक्षीदार, त्यातल्या एकाच्या नावापुढे राहणार मौजे पाली, तालुके रत्नागिरी. तीन पालींचा घोळ तिथे सुटला. साक्षीदार म्हणून माणूस गाववाल्यालाच बोलावतो, म्हणून मुख्य मजकुराइतकंच साक्षीदारांकडे लक्ष द्या.

मृत्युपत्र सापडलं नाही तरी हायकोर्टाच्या त्याच खात्यात लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन किंवा वारस दाखल्याचे अर्ज, म्हणजे मृत्युपत्र नसताना वारसांनी मालमत्तेसाठी केलेले अर्ज, बघा, मला विचाराल तर वंशावळीसाठी ते मृत्युपत्राहून सरस. मृत्युपत्रात माणूस ज्याला द्यायचं त्याचंच नाव घेतो, अर्जात मात्र सगळे वारस नाव, वय, नातं यासकट लिहावे लागतात. पुढे नोंदणी झालेली मृत्युपत्रं सब-रजिस्ट्रारकडेही असतात, करणारा हयात असेपर्यंत ती बाहेर देत नाहीत, गेल्यानंतर कुणालाही अर्ज करून नक्कल मागता येते. आणि घराणं वांद्रे, अंधेरी, बोरिवलीकडचं असेल तर लक्षात ठेवा की १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा होईपर्यंत तो सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता, तेव्हा फोर्टातल्या कोर्टात सापडलं नाही म्हणून हात टेकू नका, ठाण्याला बघा.

पण आता मोठी अडचण. कोकणातल्या, देशावरच्या बहुतेक घरांत मृत्युपत्र नसण्याचं कारण गरिबी एवढंच नाही. जमीन एकत्र कुटुंबाची असायची, आणि सामायिक जमीन मृत्युपत्राने देता येतच नव्हती, माणूस गेला की ती आपोआप बाकीच्यांकडे जायची. स्वकष्टार्जित असेल तरच मृत्युपत्र. मुंबईत दुकान टाकलेल्या थोरल्या भावाचं सापडलं आणि गावाकडे शेती करणाऱ्या धाकट्याचं सापडत नाही ते यामुळे.

अशांसाठी तिसरा रस्ता, फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदललं की गावच्या दप्तरात होणारी नोंद. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. जुन्या सातबाऱ्यावर वर्तुळात आकडे दिसतात ना, ते फेरफार नंबर, त्या एकेका नंबराचं पान काढत मागे मागे जायचं. पानावर लिहिलेलं असतं, खातेदार अमुक तारखेस मयत, त्यास वारस मुलगे अमुक अमुक, बायको अमुक. पुढे नावापाशी ए.कु.मॅ. दिसलं तर समजायचं हा एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे त्याचे भाऊ पण आहेत पण कागदावर नाहीत, ते दुसरीकडे शोधावे लागतील. जमीनच नव्हती असं वाटत असेल तर कुळ म्हणून बघा, रत्नागिरीकडे खोती गावं, बरीचशी घरं कुळंच होती, आणि १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळ कायद्याने कुळांची नावं मालक म्हणून चढली. जोडीला गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, त्यात जन्म-मृत्यू. यातलं बरंच तहसीलच्या अभिलेख कक्षात आहे, काही सरकारच्या ‘आपले अभिलेख’ या वेबसाइटवर घरबसल्या मिळतं.

मुलींच्या बाजूने शोधणाऱ्यांनी हे नीट वाचा. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या आधीच्या फेरफारात मुली जवळपास नसतातच, विधवा असते. त्यानंतरच्या वारस नोंदीत मुली सासरच्या नावाने यायला लागल्या. त्यामुळे जुन्या काळची आजी, पणजी शोधायची तर मृत्युपत्र फेरफाराला भारी पडतं, तिथे बहीण, सून, मावशी सगळ्यांची नावं येतात, नथ कुणाला आणि पाटल्या कुणाला हे लिहायचं असतं म्हणून तरी.

वाचण्याचा प्रश्न दोन्हीकडे वेगळा. कोर्टातलं इंग्रजी भाषांतर कुणालाही वाचता येतं पण नावांचं स्पेलिंग कसंही, एकच आडनाव तीन तऱ्हांनी. गावाकडचे जुने कागद मोडीत, आडनाव बऱ्याचदा नाहीच, नुसतं बाळू बिन राघू, बाईचं असेल तर कोम. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचकांना मागणी फार आलीय, ओळखीतून कुणी मिळालं तर बघा. नाहीतर पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग होतात, मी ते केलं, आणि तीन महिन्यांनी पणजोबांच्या वडिलांचं नाव स्वतः लावून वाचलं, त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

तर ठरवायचं कसं. घराण्यात कुणाचंही मुंबईत दुकान, इमारत, गाळा, सोसायटीचे शेअर होते असं नुसतं कानावर असेल, अगदी चुलत पणजोबांचं का असेना, तर आधी कोर्ट. सगळे गिरणीत, गोदीत, चाळीच्या खोलीत भाड्याने, असं असेल तर कोर्टात महिने घालवू नका, आधी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला काढा, त्यावर जन्मगाव असतं, मग थेट तहसील. ईस्ट इंडियन किंवा इतर ख्रिस्ती घराण्यांनी या दोन्हींच्या आधी आपल्या चर्चची बाप्तिस्म्याची रजिस्टरं बघावीत. सांगली-कोल्हापूरकडचे असाल तर हेळवी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वंशावळी सांगणारे लोक, तुमच्या घराण्याची वंशावळ सांगतात का ते भावकीत विचारा. कुणी पूर्वज मॉरिशसला गेला असेल तर तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, नोंदी आहेत. आणि गाव कुठलं हेच माहीत नसेल तरच जनगणनेच्या गावयाद्या उघडा.

मी कोर्ट आधी केलं, तहसील नंतर, आणि आमच्या बाबतीत तेच बरोबर ठरलं, कारण गावाचा तालुकाच साक्षीदाराच्या सहीखाली मिळाला. त्या विधवा बहिणीचं नाव घेऊन पालीच्या फेरफारात बघितलं, १९३४ च्या एका पानावर ती आहे, पुतण्यांबरोबर, विधवा बहीण म्हणून, अंगठ्याच्या ठशासकट. ठसा डाव्या हाताचा, शाई थोडी पसरलीय. त्याचा फोटो आत्याच्या देवघराशेजारी लावलाय.