लेथ की स्क्रोल सॉ: शोभेचा वाडगा कशावर करावा?

लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून पटाशीने कातायच्या यंत्रावर, मी दोन वर्षं वाडगे कातले. गेली तीन वर्षं स्क्रोल सॉवर, म्हणजे वर-खाली चालणाऱ्या बारीक पात्याच्या यांत्रिक करवतीवर, करतोय. तेव्हा पुढचं सगळं एका हौशी माणसाच्या हाताचा अनुभव म्हणून वाचा. मोजमापं घेऊन काढलेला हा निष्कर्ष नाही.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. सुबकपणात लेथचा वाडगा सरस. बुडाशी जाड, काठाशी पातळ अशी हवी तशी भिंत ठेवता येते आणि आतला बाक एका ओघात उतरतो. स्क्रोल सॉचा वाडगा म्हणजे चिकटवलेल्या कड्यांची उतरंड. कितीही घासली तरी ती उतरंडच.

पण लाकडाचा हिशोब मांडला की पारडं हलायला लागतं. 20 सेंटीमीटर रुंद आणि साडेनऊ सेंटीमीटर उंच वाडगा कातायचा तर तेवढा जाड ठोकळा हवा, आणि त्यातला बराचसा भाग ढलप्या होऊन पायाशी पडतो. एवढं जाड लाकूड नीट सुकलेलं सहसा मिळत नाही. ओलं घेतलं तर व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी जाड भिंत ठेवून आधी ओबडधोबड कातायचं, काही महिने वाट बघायची, मग सुकताना वेडावाकडा झालेला तो ऐवज पुन्हा लेथवर चढवायचा. मधल्या काळात चीर पडली तर संपलंच.

स्क्रोल सॉवर तोच वाडगा 19 मिलिमीटर जाडीच्या एका फळीतून निघतो: एकात एक अशी कडी तिरक्या कापाने कापायची आणि एकावर एक चिकटवायची. कडं 6 मिलिमीटर रुंद ठेवायचं आणि मेज, म्हणजे फळी टेकवायचा करवतीचा पाट, 18 अंशांच्या आसपास कलवायचं. मग वरच्या कड्याचं बूड आणि खालच्या कड्याचं तोंड जवळजवळ एका मापाचं येतं. चार कडी आणि तळाची चकती मिळून साडेनऊ सेंटीमीटर उंची होते, तळाला साधारण 15 सेंटीमीटरचा गोल उरतो. सगळी कडी एकाच फळीची, त्यामुळे चिकटवताना रेषे मूळच्यासारखे जुळवले की लाकूड फुगताना-आकसताना एकत्रच हलतं. कापण्याआधी फळीवर पेन्सिलीने एक आडवी रेघ मारून ठेवा, जुळवाजुळव सोपी जाते.

हे सगळं लेथ विकल्यावर नीट कळलं. विकलं ते मात्र धारेपायी.

लेथवर काम करणारे धार लावण्याबद्दल सहज बोलतात, जणू चहा ढवळायचाय. माझ्याकडे पहिल्यांदा आला तो सागाचा ठोकळा. सागात वाळूच्या जातीची सिलिका असते, ती पोलादाची धार भराभर खाते. गोल पटाशी नुकतीच लावलेली असली की ढलपी लांब, ओल्या फितीसारखी खांद्यावरून जाते. चार-पाच मिनिटांत फीत तुटक होते, मग नुसता भुसा उडायला लागतो. आवाज बदललेला असतो, पण आपण ‘आता एवढं संपवू’ म्हणत दाबत राहतो. वाडग्याच्या एका फेऱ्यात पटाशीला दोनदा रेष्यांची टोकं आडवी येतात. बोथट धारेने नेमकी तीच दोन ठिकाणं उचकटतात. समोरासमोर दोन खरबरीत चट्टे! पॉलिशपेपरने घासून ते जात नाहीत. पुन्हा ग्राइंडरवर जा, कोन जुळवा, ठिणग्या उडवा, परत या. तासाभराच्या संध्याकाळीतला निम्मा वेळ मी ग्राइंडरपुढे उभा असायचो, आणि पटाशी महिन्यागणिक आखूड होत होती. माझ्या हाताला ती कला साधली नाही, असंही म्हणा. ज्याला साधते त्याला ही तक्रार बालिश वाटेल.

स्क्रोल सॉवरही सागात पातं बोथट होतं. फरक एवढाच की ते काढायचं, टाकायचं, नवं ताणायचं. एका मिनिटाचं काम.

याचा अर्थ इथे सगळं गोड आहे असं नाही. कापणं सोपं, घासणं जिवावर येतं. लेथवर फिरत्या वाडग्याला पॉलिशपेपर धरला की काम होतं. इथे आतली प्रत्येक पायरी घासून सपाट करावी लागते आणि एका वाडग्याला एक संध्याकाळ सहज जाते. आत ओघळलेला गोंद ओला असतानाच पुसला नाही तर तेल लावल्यावर तिथे फिकट डाग उठतो. सागाचं अंगचं तेल गोंद धरू देत नाही, म्हणून चिकटवायच्या आधी ॲसिटोनने पुसून घ्यावं लागतं. आणि सगळे काप एकाच दिशेने घ्यायचे. मी एकदा गप्पांच्या नादात उलटा फिरलो, कड्याचा उतार उलटा झाला आणि फळी वाया गेली.

आकाराची मुभा मात्र इथेच. वाडगा पाकळ्यांचा करा, चौकोनी करा, लंबगोल करा. लेथवर जे फिरतं ते गोलच होतं. (लेथवरही लंबगोल काढणारे आहेत म्हणा, पण ते वेगळंच प्रकरण.)

पातळ भिंतीचा, सलग बाकाचा वाडगाच डोळ्यांपुढे असेल आणि धार लावण्यात रमत असाल, तर खुशाल लेथ घ्या. तसं नसेल तर माझा कल तुमच्या लक्षात आलाच असेल. फक्त स्क्रोल सॉ घेताना टोकाला पिन नसलेली पाती त्यात बसतात ना, हे आधी पाहा. आतल्या कड्यांसाठी पातं ओवायला मेजाच्याच कोनात तिरकं भोक पाडावं लागतं, जेमतेम दीड मिलिमीटरचं, आणि त्यातून पिन जात नाही. भोक मोठं केलं तर ते कड्याच्या अंगावर कायमचं राहतं.