एलएम३५ सेन्सरला तिपटीचा ऑप-अ‍ॅम्प: आठ महिन्यांच्या वापरानंतर

तापमान मोजणारा एलएम३५ दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे १०० अंशांना जेमतेम १ व्होल्ट. ३.३ व्होल्टच्या १० बिट एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करून देणाऱ्या भागाला) तो थेट जोडला तर एक पायरी ३.२ मिलिव्होल्टची पडते आणि आकडा एक तृतीयांश अंशाच्या उड्या मारतो. मध्ये ऑप-अ‍ॅम्प (सिग्नल वाढवणारी चिप) वापरून तिपटीचा नॉन-इन्व्हर्टिंग (सिग्नल न उलटवणारा) अ‍ॅम्प्लिफायर टाकला की पायरी ०.१ अंशावर येते. एडीसीत १.१ व्होल्टचा अंतर्गत रेफरन्स (मोजणीची कमाल मर्यादा ठरवणारं व्होल्टेज) असेल तर मात्र तोच वापरा, ऑप-अ‍ॅम्प लागणारच नाही.

गेनचं, म्हणजे वाढीच्या पटीचं, गणित सोपं आहे: १ अधिक २० के (किलोओहम) भागिले १० के, बरोबर ३. घोळ होतो तो सप्लायच्या दोन टोकांना. एलएम३५८ हा ऑप-अ‍ॅम्प आधी ३.३ व्होल्टवर लावला होता. त्याचं आउटपुट सप्लायच्या सुमारे दीड व्होल्ट खाली अडतं, म्हणजे १.८ व्होल्टला. त्याला ३ ने भागा, ०.६ व्होल्ट, म्हणजे ६० अंश आले. पुढे सेन्सर कितीही तापला तरी आकडा हलत नाही, आणि माणूस सेन्सरलाच दोष देत बसतो. ५ व्होल्टवर चालवलं तर पूर्ण पल्ला मिळतो, पण सेन्सरची वायर तुटली की इनपुट वर सरकतं आणि एडीसीच्या पिनवर ३.५ व्होल्टच्या आसपास जातात.

त्यामुळे एमसीपी६००२ लावला, तोही ३.३ व्होल्टवरच. हा रेल-टू-रेल आहे, म्हणजे आउटपुट सप्लायच्या दोन्ही टोकांच्या अगदी जवळ जातं, आणि एडीसीचाच सप्लाय असल्याने त्याहून जास्त व्होल्टेज देऊच शकत नाही. एलएम३५ला मात्र किमान ४ व्होल्ट लागतात, म्हणून त्याला ५ व्होल्ट वेगळे द्या. सेन्सर आणि ऑप-अ‍ॅम्प यांच्यामध्ये १० के सिरीजमध्ये आणि ऑप-अ‍ॅम्पच्या इनपुटपासून ग्राउंडला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवला की १६ हर्ट्झच्या वरचा गोंगाट कमी होतो. चुकून जास्त व्होल्टेज आलं तर इनपुटचा करंटही हाच १० के आवरतो. लांब केबल असेल तर सेन्सरच्या टोकाशीच २ के टाका, नाहीतर एलएम३५ स्वतःच ऑसिलेट होतो (आउटपुट आपोआप वरखाली होत राहतं). ऑप-अ‍ॅम्पच्या सप्लाय पिनला चिकटून १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर हवाच. आउटपुटवर मात्र कपॅसिटर थेट लावू नका, आधी १ के घाला. चिपमधला दुसरा ऑप-अ‍ॅम्प मोकळा सोडू नये: आउटपुट इन्व्हर्टिंग इनपुटला जोडा आणि दुसरं इनपुट निम्म्या सप्लायला.

आता अचूकता. १ टक्क्याचे रेझिस्टर वाईटात वाईट जुळले तर गेन ३.०४ होतो, म्हणजे १०० अंशांना सव्वा अंशाहून जास्त चूक. एमसीपी६००२चा ऑफसेट (इनपुटला मिसळणारी त्याची स्वतःची व्होल्टेजची चूक) जास्तीत जास्त ४.५ मिलिव्होल्ट, तो इनपुटलाच मोजायचा असल्याने जवळपास अर्धा अंश. दोन्ही चुका दोन बिंदूंच्या कॅलिब्रेशनने (दोन माहीत असलेल्या तापमानांशी आकडा जुळवून) निघतात, पण त्यातला एक बिंदू बर्फाच्या पाण्यातला घेऊ नका. एका सप्लायवर एलएम३५ २ अंशांच्या खाली नीट उतरत नाही, आणि ऑप-अ‍ॅम्पचं आउटपुटही शून्याच्या वर २५ मिलिव्होल्टपर्यंत अडकू शकतं. तिथला बिंदू धरला तर अख्खी रेषा तिरकी होते. १५ आणि ८० अंशांच्या आसपासचे बिंदू भरवशाच्या थर्मामीटरशी ताडून घ्या. आठ महिन्यांनी याच दोन ठिकाणी पुन्हा तपासलं, कॅलिब्रेशनचे गुणांक बदलावे लागले नाहीत.