थायलंडच्या शाळेत इंग्रजीची असिस्टंट : 1 लाख 18 हजारांच्या पॅकेजचा हिशेब

संस्थेचं नाव लिहीत नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत परदेशी पाठवणाऱ्यांच्या पाट्या काही कमी नाहीत, त्यातलीच ही एक. दुसरा मजला, जिन्यात चपलांचा ढीग, आत एसी. मला भांडण काढायचं नाही. पण दिवाळीपासून ओळखीतल्या सात-आठ मुलींचे "जाऊ का गं?" म्हणून फोन आले आणि प्रत्येकीला तेच सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

मी वडणग्याची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग शिवाजी विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए. 2024 च्या मे ते ऑक्टोबर या काळात थायलंडच्या नाखोन रात्चासिमा प्रांतात, एका तालुक्याच्या गावी, सरकारी प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट म्हणून इंटर्नशिप केली. तिथलं पहिलं सत्र 16 मे ते 11 ऑक्टोबर असतं, म्हणजे पाच महिन्यांना थोडे दिवस कमी.

पॅकेजात काय होतं? 120 तासांचा ऑनलाइन टेफल कोर्स (परक्या भाषेवाल्यांना इंग्रजी शिकवायचा), शाळा शोधून देणं, व्हिसाला 'सहकार्य', बँकॉकमध्ये तीन दिवसांचं ओरिएंटेशन आणि पहिल्या महिन्याची खोली. विमानाचं तिकीट आपलं आपण. शाळेकडून महिन्याला 12,000 बाहत मानधन. तेव्हा एक बाहत साधारण सव्वादोन रुपयांच्या वर होता, म्हणजे 27-28 हजार रुपये. ऑफिसातल्या सरांनी हा आकडा असा सांगितला की आण्णांनाही वाटलं, पैसे देऊन पोरगी कमवायला चाललीय. आण्णांचा जन्म उसात गेला. पहिली पावती कोऱ्या कागदावर हातानं लिहून मिळाली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कारखान्याच्या काट्याची चिठ्ठी पण ह्याच्यापेक्षा बरी असती."

ह्यात काटा कुठं मारतात ते आधी सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. तो व्हिसात असतो.

2023 च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना थायलंडमध्ये व्हिसाशिवाय 30 दिवस राहता येऊ लागलं होतं. त्याचा फायदा घेऊन सर म्हणाले, "आता व्हिसा कशाला? तसंच जावा, तिकडं शाळा करून देईल." आता बघा, ती सवलत फिरायला जाणाऱ्यांसाठी. वर्क परमिट नसताना शाळेत उभं राहणं तिथं बेकायदा आहे, मग इंटर्न म्हणा नाहीतर असिस्टंट म्हणा. मी अडून बसले. मग पदवीवर शिक्के मारून आणणं, पासपोर्टवाल्यांकडून पोलिसांचा दाखला, शाळेचं पत्र, मुंबईतल्या थाई वाणिज्य दूतावासाचा नॉन-इमिग्रंट बी (म्हणजे कामासाठीचा) व्हिसा, ह्या सगळ्यात एप्रिल गेला. शिक्के आणि व्हिसाचे 14 हजार वेगळे गेले आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसनं तीनदा मुंबई झाली. ऑफिसातला फाइली सांभाळणारा मुलगा मात्र एकदा माझ्यासोबत आला, सकाळपासून रांगेत उभा राहिला आणि स्वतःचा डबा अर्धा मला दिला. त्याचं श्रेय त्याला.

आमच्याच बॅचमधला सांगलीचा एक मुलगा सरांचं ऐकून तसाच गेला. महिना संपत आला तेव्हा त्याला बसनं लाओसला, विएन्तियानला जाऊन व्हिसा करून आणावा लागला. आठ दिवसांचं मानधन कापलं गेलं, वर खर्च झाला तो निराळाच.

टेफलचा कोर्स ठीक. धडा कसा आखायचा, सूचना कमीत कमी शब्दांत कशा द्यायच्या, हे उपयोगी पडलं. त्याच्यासोबत जे सहा तासांचं 'ऍक्सेंट ट्रेनिंग' होतं ते मात्र सांगण्यासारखं आहे. वॉटरचं वॉडर करा, शेवटची अक्षरं गिळा, शाळेला पाठवायचा फोटो जरा उजळ करून घ्या, आणि मुलाखतीत स्वतःहून इंडिया-इंडिया करू नका. थायलंडमध्ये इंग्रजीच्या बऱ्याच जाहिराती 'नेटिव्ह स्पीकर' मागतात हे खरं आहे, ते नाकारून चालणार नाही. पण गोरं दिसायला शिकवायचे पैसे मी भरले नव्हते.

आता शाळा.

करारात लिहिलं होतं, आठवड्याला 15 तास, कायम थाई शिक्षिकेच्या हाताखाली. गेल्यावर 22 तास, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा शिक्षिका दुसऱ्या कामाला गेलेल्या. चौथीत 38 मुलं. कोऑर्डिनेटरला लाइनवर मेसेज टाकला (तिकडं व्हॉट्सऍप फारसं कुणी वापरत नाही, सगळं ह्या लाइन ऍपवर), तर हसऱ्या अस्वलाचं स्टिकर आलं. दोन आठवड्यांनी दुसरं अस्वल आलं. एवढाच काय तो आधार.

सकाळी आठला झेंडा, राष्ट्रगीत, प्रार्थना. मग वर्गात शिरलं की सगळी पोरं उभी राहून एका सुरात "गुड मॉर्निंग टीच्चाऽऽ". हाऊ आर यू म्हटलं की "आय ऍम फाइन थँक्यू, अँड यू?" हे झालं की इंग्रजी संपलं. त्याच्यापुढं एक शब्द विचारला तर माना खाली. भीती बुद्धीला नसते, तोंड उघडायला असते. आमच्या वडणग्याच्या शाळेत सहावीत मी अशीच बसायचे, त्यामुळं ते ओळखू आलं.

दुसरी अडचण उच्चारांची. थाई भाषेत शब्दाच्या शेवटी ल आला की त्याचा न होतो, स आला की त्याचा त होतो किंवा तो गळूनच पडतो. फुटबॉलचं फुटबॉन, स्कूलचं सकून, हाऊसचं नुसतं हाव. आणि मी शिकून काय गेले होते? शेवटची अक्षरं गिळायला! पहिले चार दिवस मी वॉडर-वॉडर करत होते आणि पोरं माझ्याकडं दूरदर्शन बघितल्यासारखी बघत होती. पाचव्या दिवशी कंटाळून आमच्या पाटील बाई शिकवायच्या तसं सुरू केलं. हा-ऊ-स. फु-ट-बॉ-ल. ल म्हणताना जीभ कुठं टेकते ते तोंड उघडून दाखवलं. मराठी माध्यमाचं ते अक्षर न् अक्षर ठोकून म्हणणं, ज्याला विद्यापीठात हसायचे, तेच तिथं चाललं. महिन्याभरात चौथीतल्या बहुतेकांचा ल शाबूत होता.

आणखी एक गोष्ट कुठल्याही ओरिएंटेशनमध्ये सांगितली नव्हती. थाई भाषा ऐकायला अगदीच परकी, पण तिच्या पोटात पाली-संस्कृतचे शब्द खच्चून भरलेत. शिक्षकाला ख्रू म्हणतात, तो आपला गुरू. भाषा म्हणजे फासा, खेळ म्हणजे कीला, आपली क्रीडा. प्राथमिकला प्रथोम, माध्यमिकला मत्थयोम. नाखोन रात्चासिमा म्हणजे नगर राजसीमा. वार तर एका दुपारी पाठ झाले : सोमवार वान चान, चंद्र. बुधवार वान फुत, शुक्रवार वान सुक. मंगळवार वान अंगखान, आणि मी फळ्यापुढं उभी राहून एकटीच हसले, कारण अंगारकीला आमच्या आज्जीनं केलेले उपास आठवले. त्या दिवसापासून मी फळ्यावर तीन रकाने करायला लागले : थाई, इंग्रजी, मराठी. पोरांना माझ्या शब्दात त्यांचा शब्द सापडला की ती ओरडायची, आणि ओरडून झाल्यावर इंग्रजी शब्द म्हणायला लाजायची नाहीत. पुढचे चार महिने मी ह्या एका युक्तीवर काढले.

फजितीही झाली. थाईत बोलताना वाक्याच्या शेवटी बायकांनी 'खा' म्हणायचं, पुरुषांनी 'ख्राप'. मी पीटीच्या सरांकडून ऐकून आठवडाभर सगळ्यांना "ख्राप, ख्राप" करत होते. शेवटी कँटीनमधल्या मावशींनी हात धरून दुरुस्त केलं आणि स्टाफरूम हसून हसून कोलमडली. त्यांना कसं सांगणार, की कोल्हापूरकडच्या बायका घरी "मी येतो, मी जेवलो" असंच बोलतात. इथं 'गेले, आले' लिहितेय ते लिहायचं म्हणून.

जूनमधल्या एका गुरुवारी 'वाय ख्रू' झाला. ह्याच्याविषयी जरा लिहिते, कारण माझे पैसे वसूल झाले असतील तर त्या सकाळी. मुलं वर्गावर्गातून तबकं सजवून आणतात, गुडघ्यांवर चालत येऊन शिक्षकांपुढं ठेवतात आणि डोकं टेकवतात. आपली गुरुपौर्णिमाच म्हणा. मी मागं उभी होते, असिस्टंटला कोण विचारतंय. वर्गशिक्षिकेनं ओढून खुर्चीत बसवलं. माझ्यापुढं जे तबक आलं त्यात दूर्वा होत्या. मला वाटलं मला भास होतोय. दूर्वा, वांग्याची फुलं आणि 'खेम' नावाची, सुईसारख्या कळ्यांची लाल फुलं. शिक्षिकेनं मोडक्या इंग्रजीत सांगितलं : दूर्वा कुठंही पसरतात, तुडवल्या तरी उठतात, तसं शिकणं पसरावं. खेम टोकदार, तशी बुद्धी व्हावी. आणि वांग्याचं फूल मान खाली घालून असतं, शिकणाऱ्यानं तसं नम्र असावं. आमच्या परड्यात दरवर्षी वांगी असतात. फूल मान खाली घालतं हे मी कधी बघितलंच नव्हतं. रात्री आईला फोन केला, तर ती म्हणाली, "व्हय की. तू कवा भांगलायला आलीस, तुला दिसायला?"

आजूबाजूचं थोडक्यात. उसाचा आणि कसाव्याचा (साबुदाण्याचा कंद) मुलूख, त्यामुळं शाळेच्या खिडकीतून दिसायचं ते पन्हाळ्याच्या रस्त्यासारखंच, फक्त डोंगर काढून टाकलेला. तिखटाची बढाई मारू नका. सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची तिखट कोशिंबीर करणारीनं विचारलं तेव्हा मी कोल्हापूरच्या तोऱ्यात "जास्त" म्हटलं आणि मग दोन नारळपाणी प्यायले. शनिवारी कोराट शहरात (नाखोन रात्चासिमाचंच बोलण्यातलं नाव) जायचे. तिथं मध्यावर 'या मो'चा, म्हणजे मो आज्जीचा पुतळा आहे. 1826-27 च्या सुमारास विएन्तियानच्या फौजेनं शहर घेऊन लोकांना पकडून नेलं, तेव्हा ह्या बाईनं शत्रूच्या सैनिकांना दारू पाजून त्यांच्यावर उठाव केला अशी कथा आहे. पुतळा 1934 चा. लोक तिला हार घालतात, नवस बोलतात. मी वर्गात मोबाइलवर आपल्या ताराराणी चौकातला घोड्यावरचा पुतळा दाखवला, तर एका पोरानं लगेच विचारलं, "टीच्चा, या इन्दिया?" होय म्हटलं, आमची आज्जी. त्याच्या वहीत त्या दिवशी घोडा निघाला, आणि खाली न विचारता 'शी इज स्ट्राँग'. क्रियापदासकट.

आता पैसे, कारण फोन करणाऱ्या सगळ्यांना शेवटी तेच विचारायचं असतं. मानधन पाच महिन्यांचं सुमारे 1 लाख 38 हजार रुपये. खर्च : पॅकेज 1 लाख 18 हजार, जाऊन-येऊन तिकीट 26 हजार, शिक्के-व्हिसा 14 हजार, चार महिन्यांची खोली 23 हजार, जेवणखाण आणि फिरणं 57-58 हजार. शाळेत दुपारचं जेवण फुकट होतं म्हणून एवढ्यात भागलं. म्हणजे पदरचे एक लाख गेले. कमवायला जायचं असेल तर जाऊ नका. शिकवायची भीती घालवायची असेल आणि घरून एक लाख सोसणार असतील तर जा, पण शाळेशी थेट पत्रव्यवहार करता येतो का ते आधी बघा, कारण पॅकेजातला जो भाग खरंच उपयोगी पडला, टेफल आणि शाळेचं पत्र, तो एवढ्या किमतीचा नाही. संस्थेमार्फतच जाणार असाल तर छापील पावती घ्या, तास किती ते करारात शाळेच्या शिक्क्यासह लिहून घ्या, आणि हातात व्हिसा पडल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका. तिकडं गेल्यावर वर्क परमिट (माझ्या वेळी, 2024 मध्ये, त्याचं निळं पुस्तक मिळायचं) स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नव्वद दिवस भरत आले की इमिग्रेशनच्या ऑफिसात जावं लागतं, तेव्हा कोऑर्डिनेटर नाही, आपणच उभं असतो.

संस्थेला पाचपैकी दोन तारे. एक त्या डबावाल्या मुलाला. दुसरा बँकॉकच्या विमानतळावर रात्री अडीचला माझ्या नावाची चुकीच्या स्पेलिंगची पाटी घेऊन उभ्या असलेल्या व्हॅनवाल्या काकांना, ज्यांनी वाटेत थांबून न मागता गरम पेज घेऊन दिली.

परत आल्यावर सरांनी जाहिरातीसाठी वर्गाचा व्हिडिओ मागितला. मी तीन रकान्यांच्या फळ्याचा पाठवला, चौथीची पोरं "अंगखान, ट्यूजडे, मंगळवार" ओरडताहेत तो. त्यांनी तो लावलाय. मराठीचा आवाज बंद केलाय आणि खाली लिहिलंय, 'नेटिव्ह स्टाइल इंग्लिश'.