‘रन’ या एका शब्दावर पारखलेला शब्दकोश

इंग्रजी-मराठी शब्दकोशाचे एक मोबाइल ॲप मी गेले वर्षभर भाषांतराच्या कामासाठी वापरत आहे. लांबलचक, क्वचित भेटणाऱ्या शब्दांना ते सहसा अडत नाही आणि इंटरनेट नसतानाही चालते. पण कोशाचा खरा कस लागतो तो रोजच्या आखूड शब्दांवर, म्हणून हे परीक्षण मी ‘रन’ या एकाच शब्दाच्या नोंदीवर बेतले आहे.

हा शब्द दिसतो तितका गरीब नाही. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या १९८९ सालच्या वीस खंडी आवृत्तीत सर्वांत मोठी नोंद ‘सेट’ची होती, पुढच्या फेरसंपादनात ‘रन’ने तिला मागे टाकले आणि नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ नोंदले गेले. खिशातल्या कोशाकडून तेवढ्यांची अपेक्षा कोणी करणार नाही. अपेक्षा असते ती नीट मांडणीची.

ॲपमध्ये मात्र ‘धावणे, पळणे, वाहणे, चालणे, चालवणे, पसरणे, निवडणुकीस उभे राहणे’ अशी स्वल्पविरामांत ओवलेली माळ समोर येते. यातला एकही प्रतिशब्द चुकीचा नाही, पण कोणता कोणाबरोबर नांदतो हे कोठेही सांगितलेले नाही. इंग्रजीत नदी, नाक, यंत्र, दुकान आणि नाटक ही सगळी ‘रन’ करतात. मराठीत नदी आणि नाक वाहते, तर यंत्र, दुकान आणि नाटक चालते. म्हणजे इंग्रजी जेथे धावते तेथे मराठी बहुधा चालते, आणि ही एवढी खूण नोंदीच्या आरंभी दिली असती तरी निम्मी वाट सोपी झाली असती. कपड्याच्या रंगाचे तर आणखीच निराळे, कारण तो आपल्याकडे धावत नाही की चालत नाही, सरळ ‘जातो’.

माझी अडचण झाली ती एका कथेतील ‘शी रॅन अ बाथ’ या वाक्याशी. माळेतला प्रत्येक मणी लावून पाहिला, आणि ‘तिने आंघोळ चालवली’ येथपर्यंत मजल गेल्यावर ॲप मिटून ठेवले. ‘रन’ला कर्म मिळाले की त्याचा अर्थ ‘वाहणे’वरून ‘वाहू देणे’कडे सरकतो, हे कोशाने सांगायला हवे होते, अर्थ इतकाच, की तिने टबात पाणी सोडले. उदाहरणादाखल दिलेली दोन्ही वाक्ये मात्र मैदानावर धावणाऱ्या मुलांची आहेत, जेथे कोणाचेच अडत नाही.

‘रन आउट ऑफ’ म्हणजे संपणे आणि ‘रन इनटू’ म्हणजे अचानक गाठ पडणे, अशा जोडक्रियापदांना स्वतंत्र नोंदी आहेत आणि त्या खरोखर चांगल्या आहेत. नामाच्या बाबतीत क्रिकेटमधली धाव आहे, पण ठेवी काढून घेण्यासाठी बँकेवर उडणारी झुंबड नाही, आणि कोंबड्यांचे जाळीबंद आवारही नाही.

‘सुधारणा सुचवा’ या सोयीतून मी टबाचे वाक्य अर्थासह पाठवले होते. पुढच्या अद्ययावत आवृत्तीत ‘पाणी सोडणे’ आले खरे. त्याच माळेच्या शेवटी, ‘निवडणुकीस उभे राहणे’नंतर स्वल्पविराम देऊन.