भाड्याच्या मोटरहोममधून अमेरिका ओलांडताना : २५ फुटी गाडीचे आणि तिच्याभोवतीच्या नियोजनाचे परीक्षण

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यापर्यंत मोटरहोमने (झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने) जायचे ठरले की बहुतेक कुटुंबे आधी नकाशावर ठिकाणे मांडतात, मग त्यांत दिवस वाटतात आणि गाडीची निवड सर्वांत शेवटी करतात. हा क्रम उलटा असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. जी गाडी सुमारे १२ फूट उंच आहे, जिच्यात शेगडी-फ्रिजसाठी प्रोपेन गॅस भरलेला आहे आणि जिची मैल्याची टाकी दर काही दिवसांनी रिकामी करावीच लागते, तिने कोणत्या रस्त्याने जायचे आणि रात्री कोठे थांबायचे यातले पुष्कळसे आधीच ठरून गेलेले असते. म्हणून आम्ही देश ओलांडण्यासाठी एकेरी, म्हणजे एका किनाऱ्यावर घेऊन दुसऱ्यावर परत करायच्या बोलीने, भाड्याने घेतलेल्या गाडीचे हे परीक्षण तिच्या गाद्या आणि शेगडीपुरते न ठेवता त्या गाडीने आमच्या नियोजनावर घातलेल्या अटींसह लिहीत आहे.

आमची गाडी ‘क्लास सी’ प्रकारची, २५ फुटी, फोर्डच्या ई-४५० सांगाड्यावर बांधलेली आणि चालकाच्या डोक्यावर एक झोपण्याचा माळा असलेली होती. बसच्या आकाराची ‘क्लास ए’ राहायला ऐसपैस असते. पण जुन्या राष्ट्रीय उद्यानांतील कॅम्पग्राउंड (मुक्कामाची मैदाने) आखली गेली तेव्हा एवढ्या लांब गाड्या कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हत्या आणि तिथल्या अनेक जागांत ती मावतच नाही. व्हॅनच्या आकाराची ‘क्लास बी’ कुठेही वळते, मात्र दोघांपेक्षा अधिक माणसे तिच्यात अनेक आठवडे सुखाने राहू शकतील असे मला वाटत नाही. चार माणसांच्या कुटुंबाने २५ फुटांच्या आसपास थांबावे. ३० फुटी गाडीत मिळणारी जास्तीची कपाटे आणि मोठा पलंग यांची किंमत प्रत्येक वळणावर, प्रत्येक पेट्रोल पंपावर आणि प्रत्येक कॅम्पग्राउंडच्या आरक्षणात मोजावी लागते.

चालवायला ही गाडी अपेक्षेपेक्षा सोपी आहे. २६,००० पौंडांखालच्या मोटरहोमसाठी व्यावसायिक परवाना लागत नाही आणि या गाडीची भारासह कमाल मर्यादा १४,५०० पौंड आहे. सवय करावी लागते ती मागच्या चाकांच्याही मागे लांबवर गेलेल्या शेपटीची, कारण वळताना ती विरुद्ध दिशेला बाहेर फेकली जाते आणि पंपावरचे खांब तिच्याच वाटेत येतात. इंधनाचा हिशेब मात्र आधीच समोर ठेवावा. अशा गाड्या गॅलनला साधारण ८ ते १० मैल देतात. आय-९० हा अमेरिकेतील सर्वांत लांब आंतरराज्य महामार्ग (‘आय’ म्हणजे इंटरस्टेट) बॉस्टन ते सिअ‍ॅटल सुमारे ३,०२० मैलांचा आहे. उद्याने पाहण्यासाठीचे वळसे धरून ४,५०० मैल झाले, तर ५०० गॅलन पेट्रोल लागेल आणि गॅलनला साडेतीन डॉलर धरले तरी ती रक्कम १,७५० डॉलर होते. भाडे पाहून ‘हॉटेलपेक्षा स्वस्त’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हा आकडा, मैलामागे लागणारे शुल्क आणि कॅम्पग्राउंडचे भाडे एकाच कागदावर लिहावे. मोटरहोम घ्यायचे ते स्वस्त पडते म्हणून नव्हे, तर आपले अंथरूण आणि आपले स्वयंपाकघर रोज नव्या डोंगरासमोर नेता येते म्हणून, आणि त्या कारणासाठी ते पूर्णपणे मोलाचे आहे.

आता ज्या गोष्टीवर नियोजनाचा सर्वांत जास्त वेळ जायला हवा त्या उंची, रुंदी आणि गॅस यांच्याकडे वळतो. मोटारींसाठी बनवलेल्या फोनवरील नकाशासेवा गाडीची उंची विचारत नाहीत. न्यूयॉर्कभोवतीचे जुने पार्कवे मोटारींसाठीच बांधलेले आहेत, त्यांवरचे काही पूल इतके बुटके आहेत की मोटरहोमचे छत तिथे शिल्लक राहणार नाही, आणि जवळचा मार्ग म्हणून फोन नेमके तेच रस्ते सुचवू शकतो. नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅम शहरात ११ फूट ८ इंच उंचीचा एक रेल्वेपूल इतक्या गाड्यांची छते सोलून काढत असे की २०१९ मध्ये तो ८ इंचांनी उचलावा लागला. गाडीच्या दारापाशी उंचीची चिठ्ठी असते, तरीही छतावरच्या एअर कंडिशनरसह उंची किती हे गाडी ताब्यात घेताना विचारून चालकासमोर मोठ्या अक्षरांत चिकटवावे आणि उंची, लांबी व गॅस यांची नोंद करता येईल असे मोटरहोमसाठीचे जीपीएस सोबत ठेवावे. आमच्या संपूर्ण सामानात सर्वाधिक उपयोगी ठरलेली वस्तू हीच.

प्रोपेनचा विचार पूर्वेकडच्या बोगद्यांत करावा लागतो. बाल्टिमोर बंदराखालून जाणाऱ्या आय-९५ आणि आय-८९५ या दोन्ही बोगद्यांत प्रोपेनची टाकी असलेल्या मोटरहोमला मनाई आहे. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात असत; २६ मार्च २०२४ रोजी जहाजाच्या धडकेने तो पूल कोसळला आणि आता आय-६९५ च्या पश्चिम बाजूने शहराला वळसा घालावा लागतो. वॉशिंग्टनकडून उत्तरेला निघणाऱ्यांनी त्या दिवसाच्या वेळापत्रकात हा वळसा गृहीत धरावा.

पश्चिमेत प्रश्न रुंदीचा आणि लांबीचा आहे. ग्लेशियर उद्यानातील ‘गोइंग-टू-द-सन’ रस्त्यावर अ‍ॅव्हलँच कॅम्पग्राउंड ते रायझिंग सन या पट्ट्यात २१ फुटांहून लांब किंवा आरशांसह ८ फुटांहून रुंद गाडी नेता येत नाही, म्हणजे आमच्यासारखी गाडी तिथे दोन्ही मापांत बाद होते. डोंगराच्या दक्षिणेकडून यूएस-२ या रस्त्याने पलीकडे जाता येते, पण मूळ रस्ता पाहायचाच असेल तर गाडी खाली ठेवून उद्यानाची बस किंवा एका दिवसापुरती लहान मोटार यांची सोय आधीच करावी. झायन उद्यानातील १९३० साली पूर्ण झालेला सव्वा मैलाच्या आतला बोगदा ७ फूट १० इंचांहून रुंद किंवा ११ फूट ४ इंचांहून उंच गाड्यांसाठी पहिल्यापासून अडचणीचा आहे. त्यांच्यासाठी समोरची वाहतूक थांबवावी लागे, आणि २०२६ पासून अशा गाड्यांना दुसऱ्या मार्गाने पाठवण्याचा निर्णय उद्यानाने जाहीर केला आहे. भाड्याने मिळणारी जवळजवळ प्रत्येक क्लास सी गाडी या मापांच्या बाहेर असते. या बोगद्यातून झायनहून ब्राइस कॅन्यन उद्यानाला ‘जाता जाता’ पोहोचण्याचे जे वेळापत्रक मोटारीने फिरलेले मित्र देतात, ते म्हणूनच मोटरहोमच्या कामाचे नाही.

चढाचा विचार त्या मानाने सोपा आहे. कोलोरॅडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून उंचावर आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तीव्र उतार आहेत. ओझे नेण्यासाठी असलेली गिअरची व्यवस्था वापरून इंजिनाने वेग धरला तर ब्रेक तापत नाहीत. नवख्या चालकाने आय-४० घेतला तर फ्लॅगस्टाफजवळ सुमारे ७,३०० फुटांवरच भागते. वायोमिंगमध्ये लॅरामी ते रॉलिन्स या पट्ट्यात आय-८० वर मात्र चढापेक्षा वारा वाईट. तिथे वाऱ्यामुळे उंच आणि हलक्या गाड्यांना रस्ता बंद केला जातो आणि मोटरहोमची सपाट, उंच बाजू शिडासारखी वागते. या पट्ट्याच्या आसपास एक दिवस मोकळा ठेवल्याशिवाय पुढची आरक्षणे करू नयेत.

रोजच्या अंतराबद्दल मोटरहोमवाल्यांत तीनच्या आकड्याचा एक नियम चालतो: दिवसाला ३०० मैलांहून अधिक नाही, मुक्कामाला दुपारी ३ च्या आत, आणि शक्यतो एका ठिकाणी ३ रात्री. देश ओलांडायचा असेल तर तिसरी अट सगळीकडे पाळता येत नाही, मधल्या सपाट प्रदेशात ती पाळण्याचे कारणही नाही. पण दुसरी अट मी कधीच सोडणार नाही. अंधारात, अनोळखी झाडांच्या फांद्यांखाली २५ फुटी गाडी मागे घेणे आणि मग नळ, वीज व सांडपाणी यांच्या जोडण्या शोधणे हा दिवसभर गाडी चालवलेल्या माणसावर अन्याय आहे.

मुक्कामांचे आरक्षण हा नियोजनाचा कणा आहे. राष्ट्रीय उद्यानांतील पुष्कळ कॅम्पग्राउंड रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर सहा महिने आधी खुली होतात आणि उन्हाळ्याच्या जागा तेव्हाच भरतात. उद्यानांच्या आत तिन्ही जोडण्या असलेल्या जागा फार थोड्या आहेत: यलोस्टोनमध्ये त्या फक्त फिशिंग ब्रिज येथे मिळतात, आणि अस्वलांच्या वावरामुळे तिथे तंबूला परवानगीच नाही, ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर ट्रेलर व्हिलेज आहे, तर शेजारच्या मॅथर कॅम्पग्राउंडमध्ये जोडण्या नाहीत. दोन रात्री उद्यानात विनाजोडणी आणि मग एक रात्र बाहेरच्या खाजगी कॅम्पग्राउंडमध्ये सर्व जोडण्यांसह, अशी साखळी बांधली की टाक्यांचे गणित आपोआप जुळते. सार्वजनिक जमिनीवर १४ दिवसांपर्यंत फुकट राहता येते हे खरे असले, तरी भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्यांवर बहुधा बंदी असल्याने त्या सोयीवर विसंबू नये. भारतातून आई-वडील येणार असतील तर प्रवेशाचा खर्चही नव्याने मांडावा: १ जानेवारी २०२६ पासून राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास अमेरिकेच्या रहिवाशांना ८० डॉलरला आणि इतरांना २५० डॉलरला मिळतो, आणि तो नसलेल्या, १६ किंवा अधिक वर्षांच्या परदेशी पाहुण्यांना यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, झायन यांसारख्या ११ उद्यानांत नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर अधिक द्यावे लागतात.

गाडीच्या आतली रचना समाधानकारक आहे. शेगडी, ओव्हन, मायक्रोवेव्ह, फ्रिज, न्हाणी आणि शौचालय असे सर्व काही आहे आणि सर्व काही मोजूनमापून वापरायचे आहे. ३० अँपिअरच्या जोडणीवर १२० व्होल्टने एकूण ३,६०० वॅट मिळतात. एअर कंडिशनर, मायक्रोवेव्ह आणि विजेची किटली एकदम चालू केली की वीज जाते. जोडणी नसेल तेव्हा जनरेटर आहे, पण तो गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेतो, टाकी साधारण पावाच्या खाली गेली की बंद पडतो, कंपनी त्याच्या तासांचे वेगळे पैसे लावते आणि उद्यानांत तो ठरावीक वेळीच चालवता येतो. आमच्या गाडीतील फ्रिज गॅसवरही चालणारा होता. अशा फ्रिजला गाडी समपातळीत उभी लागते, म्हणून चाकांखाली घालायच्या ठोकळ्यांना सामानात पहिली जागा द्यावी.

स्वच्छ पाण्याची टाकी ४० गॅलनची होती. एवढे पाणी सुमारे ३३० पौंडांचे भरते, त्यामुळे पुढच्या मुक्कामी नळ असेल तर लांबच्या घाटात टाकी काठोकाठ भरून नेण्यात अर्थ नाही. मैल्याची टाकी आधी आणि न्हाणीच्या पाण्याची टाकी नंतर सोडावी, म्हणजे नळी मागच्या पाण्याने धुऊन निघते. आणि कॅम्पग्राउंडवर जोडणी असली तरी मैल्याची झडप बंदच ठेवावी, नाहीतर पाणी निघून जाते आणि घट्ट भाग आत साचतो. टाकी किती भरली हे दाखवणारे दिवे भरवशाचे नाहीत, कारण आतल्या भिंतीला काही चिकटले की ते भरलेलीच दाखवतात. काम ऐकायला नकोसे वाटते, प्रत्यक्षात हातमोजे घालून दहा मिनिटांत होते.

भाडे कंपनीच्या सेवेबद्दल माझे मत संमिश्र आहे. गाडी स्वच्छ, टायर चांगले, इंजिन उत्तम, अडचणीच्या वेळी फोन उचलणारा माणूस नम्र आणि जाणकार. पण गाडी देतानाची माहिती एका चित्रफितीवर आणि घाईच्या फेरीवर उरकली गेली, आणि गॅसबंदीचे बोगदे किंवा उद्यानांतील मापांच्या मर्यादा यांविषयी एक शब्दही निघाला नाही. देश ओलांडण्यासाठी एकेरी गाडी नेणाऱ्या ग्राहकाला एवढे सांगणे हे कंपनीचे कर्तव्य आहे असे मी मानतो. करारातील दोन कलमे प्रत्येकाने सही करण्यापूर्वी वाचावीत. छताला आणि गाडीच्या तळाला झालेले नुकसान जास्तीचा विमा घेऊनही बहुधा भरून मिळत नाही, म्हणजे बुटक्या पुलाचा खर्च आपलाच; आणि डेथ व्हॅलीसारख्या अतिउष्ण ठिकाणी ऐन उन्हाळ्यात गाडी नेण्यावर अनेक कंपन्यांची बंदी असते. अंथरूण-पांघरूण आणि भांड्यांचा संच वेगळ्या पैशांत मिळतो. एकेरी प्रवासात तो घेणे योग्य, कारण विकत घेतलेल्या भांड्यांचे दुसऱ्या किनाऱ्यावर काय करायचे हा प्रश्न उरतोच.

गाडी परत करताना टाक्या रिकाम्या, पेट्रोल आणि प्रोपेन घेतले तेवढे भरलेले आणि आतून झाडलेले असे सर्व लागते, आणि परतीची केंद्रे बहुतेकदा सकाळीच गाड्या स्वीकारतात. त्यामुळे शेवटची रात्र केंद्रापासून तासाभराच्या आत, तिन्ही जोडण्या असलेल्या कॅम्पग्राउंडमध्येच काढावी आणि त्याच दिवशीचे विमान दुपारनंतरचे घ्यावे. गाडी घेताना काढलेली चारही बाजूंची आणि छताची छायाचित्रे केंद्रावर हाताशी ठेवली, तर अनामत परत मिळताना वाद होत नाही.