नागपुरात ड्रायव्हिंग शिकवायचंय? नोकरी, स्वतःची मोटर स्कूल की मान्यताप्राप्त केंद्र

हात चांगला बसलाय आणि आता दुसऱ्यांना शिकवायचं मनात आहे, अशा माणसापुढे नागपुरात तीन रस्ते आहेत. चालू असलेल्या मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये प्रशिक्षक म्हणून लागणं, स्वतःची स्कूल काढणं, किंवा २०२१ च्या नियमांनी आलेल्या मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रात काम धरणं. माझं मत आधीच सांगतो. सुरुवात नोकरीने करावी, स्वतःच्या स्कूलकडे दोन-तीन वर्षांनी वळावं, आणि तिसरं दार बंद होऊ नये म्हणून बारावी राहिली असेल तर ती आधी उरकावी.

तिन्ही रस्त्यांना एक अट सारखीच आहे, गाडी चालवल्याचा पाच वर्षांचा अनुभव. त्याचा साधा पुरावा म्हणजे पक्क्या लायसन्सवरची तारीख. वाहतुकीचे नियम आणि चिन्हं तोंडपाठ असणं हेही सगळीकडे आलंच. फरक पुढे सुरू होतो.

कागद कोणता लागतो

साध्या मोटर स्कूलसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम २४ बघायचा. शिकवणारा किमान दहावी पास हवा आणि पाच वर्षांच्या अनुभवासोबत त्याच्याकडे मोटर मेकॅनिकच्या कोर्सचं प्रमाणपत्र किंवा मेकॅनिकल इंजिनिअरिंगमधली त्याहून वरची पात्रता हवी. तीही सरकारी संस्थेची किंवा राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाने मान्यता दिलेल्या संस्थेची. शिवाय गाडीचे भाग दाखवून समजावता आले पाहिजेत, आणि इंग्रजी किंवा त्या भागाची भाषा पुरेशी यायला हवी.

बहुतेक जण अडतात ते याच प्रमाणपत्रापाशी. कंपनीच्या गाडीवर किंवा टॅक्सीवर आयुष्य गेलेला माणूस म्हणतो, "एवढी वर्षं गाडी चालवून राहिलो, आता कागद कशाला?" त्याचा राग मला समजतो, पण नियमाच्या बाजूने मी ठामपणे उभा आहे. क्लच का जळतो, ब्रेकचा पेडल मऊ का लागतो, उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये का सोडायची नाही, हे ज्याला आतून माहीत नाही, तो शिकणाऱ्याला फक्त "असं करा, तसं करा" सांगू शकतो. का, ते सांगू शकत नाही. आणि कारण कळलं नाही की शिकणारा चार महिन्यांत विसरतो.

हा कागद मिळवायचे मार्गही ताडून बघा. श्रद्धानंदपेठेतल्या शासकीय आयटीआयसारख्या ठिकाणी दहावीनंतर मेकॅनिक मोटर व्हेइकल हा दोन वर्षांचा ट्रेड असतो आणि मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा. आयटीआयला वयाची वरची मर्यादा नाही, त्यामुळे तिशीतल्या माणसालाही बाकावर बसता येतं. अडचण वेळेची आहे, कारण रोज पूर्ण दिवस द्यावा लागतो. पॉलिटेक्निकचा मेकॅनिकल डिप्लोमा तीन वर्षांचा. तो फक्त यासाठी करावा असं मी कुणाला सांगणार नाही, पण आधीच झाला असेल तर तुमचं अर्धं काम झालेलं आहे.

दोन वर्षं की एक? वय कमी असेल, घरची जबाबदारी अंगावर नसेल, तर मोटर व्हेइकलचाच ट्रेड घ्या. प्रमाणपत्रावरचं नाव नियमातल्या शब्दांशी सरळ जुळतं, पुढे कुणी हरकत काढायला जागा राहत नाही. संसार चालवत शिकायचं असेल तर डिझेलचं एक वर्ष परवडतं, मात्र प्रवेश घेण्याआधी आपल्या आरटीओत लेखी विचारून घ्या आणि उत्तर जपून ठेवा. खासगी संस्थांच्या 'तीन महिन्यांत प्रमाणपत्र' अशा पाट्या दिसल्या तर फी भरण्याआधी मान्यतेचं पत्र मागा. ते दाखवायला टाळाटाळ झाली की तिथून निघा.

मान्यताप्राप्त केंद्रात शिक्षणाची अट वर जाते. तिथे प्रशिक्षक बारावी पास लागतो. दहावीवर थांबलेल्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी द्यावी. वेळ लागतो, पैसा फारसा लागत नाही, आणि नोकरी सुटत नाही.

साधी स्कूल आणि मान्यताप्राप्त केंद्र: शिकवण्यात काय बदलतं

साध्या स्कूलमध्ये खासगी कारसाठी किमान एकवीस दिवस आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान दहा तास, असा नियम आहे. हिशेब केला तर रोज अर्ध्या तासापेक्षाही थोडं कमी. मान्यताप्राप्त केंद्रात हलक्या वाहनाचा कोर्स एकोणतीस तासांचा, चार आठवड्यांत पुरा करायचा; त्यातले आठ तास वर्गात आणि एकवीस तास प्रत्यक्ष. म्हणजे स्टेअरिंगवरचा वेळ दुपटीहून जास्त. शिवाय सिम्युलेटर, म्हणजे गाडी चालवल्याचा सराव देणारं यंत्र, आणि स्वतःचा ट्रॅक. शिकवणाऱ्याला याचा अर्थ असा की पहिले काही दिवस शिकणाऱ्याची भीती बंद जागेत जिरते. साध्या स्कूलमध्ये ती भीती घेऊनच तुम्हाला मानेवाडा रिंग रोडवर यावं लागतं.

केंद्राचा कोर्स पूर्ण करून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओतली ड्रायव्हिंगची परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. साध्या स्कूलचा फॉर्म ५, म्हणजे शिकून झाल्याचा दाखला, मिळाला तरी परीक्षा द्यावीच लागते. २०२४ च्या मे महिन्यात मोबाइलवर मेसेज फिरले की १ जूनपासून आरटीओतली परीक्षाच बंद होणार. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने तेव्हा स्पष्ट केलं की नवीन काही नाही, हे नियम १ जुलै २०२१ पासूनच लागू आहेत. तरी अजूनही शिकायला येणारे विचारतात. तुम्हालाही विचारतील, उत्तर तयार ठेवा.

मग केंद्रच सगळ्यात चांगलं का नाही? शिकवायला चांगलंच आहे. पण असं केंद्र एकट्याच्या ताकदीचं काम नाही. सपाट प्रदेशात हलक्या वाहनांसाठी किमान एक एकर जागा लागते, मध्यम आणि जड वाहनांसाठी दोन एकर. नागपूरच्या हद्दीत किंवा हिंगणा, कामठीकडे एक एकर म्हणजे काय भाव, हे नागपूरकरांना सांगायला नको. म्हणून आपल्यासारख्यांसाठी हा पर्याय नोकरीचा आहे, मालकीचा नाही.

स्वतःची स्कूल काढायची तर

अर्ज फॉर्म १२ मध्ये, परवाना मिळतो तो फॉर्म ११ मध्ये, पाच वर्षांसाठी. फी दहा हजार रुपये. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या साठ दिवस आधी द्यावा लागतो, हे कॅलेंडरवर आजच लिहून ठेवण्यासारखं. कुठल्या आरटीओत जायचं ते स्कूलच्या पत्त्यावरून ठरतं: शहर एमएच ३१, पूर्व नागपूर एमएच ४९, ग्रामीण एमएच ४०. भाड्याची खोली चालते, पण भाडेकरार तुमच्या नावावर हवा, आणि व्याख्यान घेण्याजोगी जागा व शिकवणीची गाडी उभी करायला पार्किंग हवं. धरमपेठ, रामदासपेठेत खोली मिळेल, पार्किंगपाशी गाडं अडेल. त्रिमूर्तीनगर, मनीषनगर, मानेवाडा या बाजूला दोन्ही जमण्याची शक्यता जास्त.

जो प्रकार शिकवायचा त्याची किमान एक गाडी स्वतःच्या मालकीची, फक्त शिकवण्यासाठीच राखलेली, आणि दुचाकी सोडून प्रत्येक गाडीला ड्युअल कंट्रोल, म्हणजे शिकवणाऱ्याच्या बाजूलाही पेडल. घरची कार सकाळी स्कूलला आणि संध्याकाळी कुटुंबाला, हे बसत नाही. विमा कंपनीलाही वापर कळवून तसं जोडपत्र घ्या, खासगी कारच्या साध्या पॉलिसीवर शिकवणीचा धंदा करू नका. याशिवाय वाहतूक चिन्हांचे तक्ते, रस्त्याचा नकाशा-फलक, इंजिन-गिअरबॉक्स आणि ब्रेकचे भाग, जॅक, पाने, टायरचा प्रेशर गेज, पुस्तकं, प्रथमोपचार पेटी. कबाडीतून जुना गिअरबॉक्स आणून कापून ठेवला तर मुलं डोळे विस्फारून बघतात. तो तक्त्यापेक्षा दहा पट शिकवतो.

पण नव्या मालकाला खरा ताण वस्तूंचा नसतो. फॉर्म १४ मध्ये प्रवेशाची नोंद, फॉर्म १५ मध्ये कोण किती तास गाडीवर होता त्याची नोंद, प्रत्येकाच्या प्रगतीचा वेगळा कागद, आणि हे सगळं गाडी चालवून घरी आल्यावर. त्यात मोहल्ल्यातला ओळखीचा माणूस म्हणतो, "भाऊ, पोरीला शिकवायचं राहू दे, फक्त फॉर्म ५ वर सही दे." नियम २७ प्रमाणे स्कूलवाल्याला असं काही करता येत नाही, आणि लायसन्स मिळवून देण्याची आपली वट आहे असा समज पसरवताही येत नाही. परवाना रद्द होईल ही एक गोष्ट. दुसरी जास्त मोठी आहे: ती मुलगी उद्या व्हरायटी चौकात एकटी गाडी घेऊन उभी असणार आहे. नाही म्हणायची सवय नोकरीत असताना लागली तर स्वतःच्या स्कूलमध्ये टिकते.

नोकरी आधी, असं का म्हणतो

कायदा गाडी चालवल्याची वर्षं मोजतो, यंत्राचं ज्ञान मागतो. शिकवता येतं की नाही हे तपासत नाही. ती विद्या चांगल्या शिकवणाऱ्याच्या शेजारी राहूनच येते.

एक छोटी गोष्ट घ्या. डाव्या सीटवर बसल्यावर पाय कुठे असावा? नवा प्रशिक्षक घाबरून ड्युअल ब्रेकवर पाय टेकवूनच बसतो. मग ब्रेक किंचित लागलेला राहतो, मागचा दिवा पेटलेला राहतो, गाडी ओढल्यासारखी चालते, आणि शिकणाऱ्याला जास्त अ‍ॅक्सिलरेटर द्यायची सवय लागते. परीक्षेला दुसऱ्या गाडीत बसला की ती गाडी सुसाट निघते. जाणता माणूस टाच जमिनीवर ठेवतो आणि पंजा पेडलच्या वर, न टेकवता. ब्रेक दाबायच्या आधी तो बोलतो: "क्लच, ब्रेक, हळू." कारण त्याने पेडल दाबला की शिकणाऱ्याच्या पायाखालचा पेडलही खाली जातो. तो दचकतो आणि आपण थांबवलं की सरांनी, हे त्याला कळतच नाही. हाफ क्लचही तसाच. पेडल किती सोडायचा हे सांगून समजत नाही, बॉनेट जरासं उचलल्यासारखं होतं आणि इंजिनचा आवाज दबतो, तो क्षण दाखवावा लागतो. हे कुठल्याही फॉर्ममध्ये नाही.

नोकरीसाठी स्कूल निवडताना पगार विचारण्याआधी भिंत बघा. परवाना आणि प्रशिक्षकांची नावं दर्शनी लावलेली असली पाहिजेत. फॉर्म १५ ची वही मागून बघा. सगळ्यांचे तास एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेले दिसले तर तिथे तुम्ही शिकवायला नव्हे, सह्या करायला लागाल. उन्हाळ्याचंही विचारा. मे महिन्यात काम पहाटे आणि सूर्य कलल्यावर, मधली दुपार रिकामी. पगार तासांवर असेल तर उन्हाळ्यातली कमाई आधी बोलून घ्या.

कार की जड वाहन

वाडी, बुटीबोरी, हिंगणा एमआयडीसी या पट्ट्यामुळे नागपुरात हेवीचा ड्रायव्हर कायम लागतो, आणि ट्रान्सपोर्ट, म्हणजे धंद्यासाठी माल किंवा प्रवासी नेणाऱ्या, वाहनाच्या लायसन्सला स्कूलचा फॉर्म ५ लागतोच. त्यामुळे हेवी शिकवणाऱ्याचं काम पक्कं. साध्या स्कूलमध्ये हा कोर्स किमान तीस दिवसांचा आणि पंधरा तास गाडीवरचा आहे, केंद्रात अडतीस तासांचा, सहा आठवड्यांत. अर्थात तुमच्याकडे आधी हेवीचं लायसन्स हवं, आणि स्वतःची स्कूल काढायची तर ट्रक स्वतःचा हवा. भांडवलाचं गणित तिथेच बदलतं.

शिकवण्याची पद्धतही बदलते. ट्रान्सपोर्ट लायसन्सची आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली. म्हणजे समोर बसलेल्याला वाचता येईलच असं नाही. त्याला चिन्हं आकारावरून शिकवावी लागतात: लाल कडेचं गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे पुढे धोका. वळताना मागचं चाक आत कापतं हे फळ्यावर काढून भागत नाही. मैदानात डबे मांडून त्यालाच खाली उतरवा, दुसऱ्याला ट्रक वळवायला लावा, आणि मागचं चाक डब्यावरून जाताना त्याने डोळ्यांनी बघू द्या. मला विचाराल तर ज्याच्याकडे ट्रकचा अनुभव आहे आणि आवाज न चढवता समजावायची सबुरी आहे, त्याने कारच्या गर्दीत शिरण्यापेक्षा हेवीच धरावं. तसे शिकवणारे कमी आहेत.

कारकडे येणाऱ्यांत पन्नाशीच्या काकू, नुकत्या नोकरीला लागलेल्या मुली, नातवाला शाळेत सोडायचं म्हणून शिकणाऱ्या आजी असतात. अनेकींना शिकवणारी बाईच हवी असते आणि ती सहज मिळत नाही. म्हणून पाच वर्षं गाडी चालवणाऱ्या एखाद्या ताईने आयटीआयचा विचार केला, तर तिच्यापुढे नोकरीचा आणि पुढे स्वतःच्या स्कूलचा, दोन्ही रस्ते पुरुषांपेक्षा मोकळे आहेत असं मी म्हणेन. आयटीआयची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया दहावीच्या निकालानंतर सुरू होते. दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला त्याआधी शोधून ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखलाही.